टेपवर न दिसणारी ताकद

पहिल्या आठवड्यात जे डंबेल आठव्या वेळी उचलताना हात थरथरत होता, तेच महिन्याभराने बारा वेळा उचलले जाते. मुलगा खुशीत घरी येतो, दंडाला टेप लावतो, आणि आकडा जिथल्या तिथे. शरीर कमवायला निघालेल्या कित्येक तरुणांचा धीर इथेच सुटतो. 'नुसत्या जेवणावर काही होत नाही' हे वाक्य नेमके याच महिन्यात कानावर पडते आणि पटतेही. त्या वेळी त्याच्या शरीरात काय चालले आहे, हे त्याला कुणीतरी नीट सांगायला हवे असे मला कळकळीने वाटते.

ताकद वाढली हे खरेच आहे, पण ती आधी मज्जासंस्थेत वाढली. मेंदूचा हुकूम मज्जातंतूंवाटे स्नायूत येतो आणि एकेक मज्जातंतू स्नायूतल्या तंतूंच्या एकेका गटाला कामाला लावतो. नवख्याला हे सगळे गट एकदम जोराने जुंपता येत नाहीत. सरावाने ते जमू लागते. मोरितानी आणि डीव्ह्राइज या संशोधकांनी १९७९ साली स्नायूंमधले विद्युत संकेत मोजून हे दाखवले. पहिल्या काही आठवड्यांतली ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची कमाई असते. स्नायूची जाडी मागून येते.

ती येते कशी? स्नायूतली प्रथिने रोज मोडतात आणि रोज नव्याने घडतात. तंतूवर जोरदार ताण पडला की पेशीतल्या रासायनिक साखळ्या जाग्या होतात. त्यांतली एमटॉर नावाच्या प्रथिनाची साखळी महत्त्वाची. मग पुढचा दिवस-दीड दिवस घडण्याचा वेग वाढलेला राहतो. मोडीपेक्षा घडण जास्त झाली तर जी शिल्लक उरते तीच वाढ, आणि एका दिवसाची शिल्लक इतकी थोडी असते की टेपला ती कळायला बरेच आठवडे लागतात. स्नायूतंतू स्वतः विभागून दोनाचे चार होत नाहीत. त्याच्या कडेला चिकटून काही पेशी सुप्त पडलेल्या असतात. अलेक्झांडर मॉरो यांना त्या १९६१ साली बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. गरज पडली की या पेशी वाढतात, तंतूत मिसळतात आणि आपली केंद्रके त्याला देतात. दुसऱ्या दिवशीचे ठणकणे हे या वाढीचे माप नाही. अंग दुखले नाही म्हणून व्यायाम वाया गेला, असे मुळीच समजू नये.

सगळ्याचे मूळ ताणात आहे, आणि ताण वाढत राहिला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस थॉमस डेलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी जखमी सैनिकांना टप्प्याटप्प्याने वजन वाढवत व्यायाम दिला आणि त्यांचे दुबळे झालेले पाय सावरले. आजही तत्त्व तेच आहे. वजन फार जड असायलाच हवे असेही नाही. सेटच्या, म्हणजे न थांबता सलग उचलण्याच्या एका फेरीच्या, शेवटी आणखी एक-दोनदाच उचलता येईल इतकी दमछाक झाली, तर मध्यम वजनानेही स्नायू वाढतो.

आता प्रोटीन पावडर. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे. पावडरीतले व्हे म्हणजे तेच वेगळे काढून वाळवलेले, एक खाद्यपदार्थ. २०१८ मध्ये ४९ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यात शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनांनंतर सरासरी फायदा थांबलेला दिसला. ६० किलोच्या तरुणाला हे ९६ ग्रॅम होतात. दूध, अंडी, डाळी, मांस, मासे यांतून ते भरत असतील, तर डबा घेऊन वेगळे काही मिळत नाही. भरत नसतील, तर पावडर ही सोय आहे.

क्रिएटिन या पावडर म्हणून मिळणाऱ्या दुसऱ्या पदार्थाची गोष्ट वेगळी. मिशेल शेव्हरल यांना ते १८३२ साली मांसात सापडले. १९२७ मध्ये सायरस फिस्क आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूतले फॉस्फोक्रिएटिन शोधले. जोराच्या हालचालीत खर्ची पडलेली ऊर्जा काही सेकंदांत भरून देणारा साठा तो हाच. रोज ३ ते ५ ग्रॅम घेतल्यास साठा वाढतो, सेटमध्ये एखाद-दुसरी रेप (एकदा उचलणे) जास्त निघते आणि फायदा त्यातूनच होतो. सुरुवातीला वाढणारे किलो-दोन किलो वजन बहुतांशी पाण्याचे असते. रक्ततपासणीत क्रिएटिनिनही (क्रिएटिनपासून बनणारा, मूत्रपिंडाची तब्येत पाहण्यासाठी मोजला जाणारा पदार्थ) थोडे वाढलेले दिसू शकते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगावे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने विचारल्याशिवाय घेऊच नये.

आणि इंजेक्शन. ते काम करत नाही असे मी लिहिणार नाही, कारण ते खोटे ठरेल. १९९६ साली शलेंदर भसीन आणि सहकाऱ्यांनी काही पुरुषांना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन दिले. व्यायाम न करता ते घेणाऱ्यांचे चरबीविरहित वजन सुमारे ३ किलोंनी वाढले. औषधाविना व्यायाम करणाऱ्यांचे सुमारे २ किलोंनी. मोह खरा आहे. पण बाहेरून हार्मोन येऊ लागले की मेंदूतली पियुषिका ग्रंथी वृषणांना संदेश पाठवणे थांबवते. वृषणे आकसतात आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. औषध सोडल्यावर गाडी रुळावर यायला महिने लागतात, कधी त्याहून जास्त. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांच्या हृदयाची भिंत जाड होते आणि त्याची रक्त फेकण्याची ताकद कमी होऊ शकते. विशीतल्या मुलाचे शरीर हे हार्मोन आयुष्यातल्या सर्वात भरघोस काळात स्वतःच बनवत असते. ती गिरणी बंद पाडून विकतचे पीठ आणण्यासारखे आहे हे.

डब्यावरच्या यादीवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत १३ देशांतून घेतलेल्या, हार्मोन नसल्याचे मानलेल्या ६३४ पूरकांपैकी ९४ मध्ये यादीत न लिहिलेले स्टिरॉइड गटातले, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या जातीचे, पदार्थ निघाले.

झोपेकडे कुणी पाहत नाही, त्याचे मला वाईट वाटते. २०११ च्या एका प्रयोगात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिले. त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरले.

वहीत रोज वजन आणि रेप्स लिहाव्यात. पहिल्या दोन महिन्यांची प्रगती तिथेच दिसते. टेप महिन्यातून एकदा, सकाळी, व्यायामाच्या आधी लावावी. व्यायामानंतर स्नायूत रक्त आणि द्रव भरलेला असतो, आणि तेव्हाचा आकडा तासाभरात उतरतो.