जर्मनीतील पदवीनंतरचा नोकरीशोध परवाना

जर्मन विद्यापीठातून पदवी मिळवलेल्या, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला शिक्षण संपल्यावर नोकरी शोधण्यासाठी त्याच देशात राहू देणारा, जास्तीत जास्त १८ महिन्यांचा निवास परवाना. जर्मनीच्या निवास कायद्यातील कलम २० हा त्याचा आधार. भारतीय विद्यार्थ्यांच्या बोलण्यात तो ‘जॉब सीकर व्हिसा’ किंवा नुसतेच ‘अठरा महिने’ म्हणून येतो.

काटेकोरपणे पाहिले तर हा व्हिसा नव्हे. व्हिसा देशात शिरण्यासाठी असतो आणि तो वकिलातीकडून मिळतो. हा परवाना मात्र जर्मनीत राहत असतानाच, आपल्या गावाच्या किंवा शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयाकडून घ्यायचा असतो. आपल्या देशात बसून अर्ज करणाऱ्या पदवीधरांसाठी नोकरीशोधाचा सहा महिन्यांचा एक खराखुरा व्हिसा पूर्वी होता. १ जून २०२४ पासून त्याची जागा ‘चान्सनकार्ड’ या गुणांवर आधारलेल्या योजनेने घेतली. नावे सारखी असल्याने एकाचे नियम दुसऱ्याला लावण्याची चूक सर्रास होते. सल्ला देणारे एजंटही त्याला अपवाद नाहीत. चान्सनकार्डावर आठवड्याला २० तासच काम करता येते, तर पदवीनंतरच्या परवान्यावर तासांचे बंधन नाही आणि गुणांची बेरीजही लागत नाही.

या परवान्याचे वेगळेपण कायद्याच्या एका क्रियापदात आहे. परवाना ‘देता येईल’ असे कलम म्हणत नाही, ‘दिला जातो’ असे म्हणते. म्हणजे पदवी, वैध पासपोर्ट, आरोग्य विमा आणि पोटापाण्याची सोय एवढे दाखवले की अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही. कोणत्याही कंपनीचे पत्र लागत नाही. पोटापाण्याची सोय म्हणजे शपेअरकोन्टो (आपली मुले ज्याला ब्लॉक अकाउंट म्हणतात ते), चालू कामाच्या पगाराच्या चिठ्ठ्या, किंवा जर्मनीत राहणाऱ्या कोणी लेखी घेतलेली खर्चाची हमी. शिक्षणासाठी येताना या खात्यात वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासूनचा हा आकडा आहे, म्हणजे महिन्याला ९९२ युरो. पदवी हाती आली तोवर ते पैसे बहुधा संपलेले असतात, म्हणून दुसऱ्यांदा सोय दाखवताना अनेकांची ओढाताण होते.

शोधाच्या काळात कोणतेही काम चालते. शिकत असताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस अशी मर्यादा असते (मार्च २०२४ पूर्वी ती १२० आणि २४० होती). परवाना बदलला की ती गळून पडते. उपाहारगृहात ताटे उचलणे, गोदामात खोकी लावणे, सायकलवरून जेवण पोहोचवणे, स्वतंत्रपणे सॉफ्टवेअरची छोटी कामे घेणे, इंटर्नशिप, सगळे कायदेशीर. पदवीला साजेशी नोकरी लागेपर्यंत माणसाने भाडे भरावे कशातून, याचे व्यवहारी उत्तर कायद्याने दिले आहे. त्यातला धोकाही उघड आहे: गोदामाची रात्रपाळी करून दमलेला पदवीधर सकाळी अर्ज लिहायला बसत नाही, आणि गोदामातल्या कामावर पुढचा परवाना मिळत नाही. सरकारी बेकारभत्त्याची दारेही बंद असतात, कारण ज्याचा राहण्याचा हक्क केवळ नोकरीशोधावर टेकलेला आहे त्याला मूलभूत निर्वाह अनुदानातून कायद्यानेच वगळले आहे. नोकरी न मिळण्याची जोखीम सबंध विद्यार्थ्याच्याच अंगावर राहते.

मुदतीचा हिशेब कुठून सुरू होतो, हा या परवान्यातला सर्वांत फसवा भाग. १८ महिने परवान्याचे कार्ड हाती पडल्या दिवसापासून मोजले जात नाहीत, आणि पदवीदान समारंभापासून तर नाहीतच. अंतिम परीक्षेचा निकाल कळला त्या दिवसापासून ते धावू लागतात. प्रबंधाचे गुण आले, तरी छापील प्रमाणपत्र यायला काही आठवडे जातात, मग कार्यालयाची वेळ मिळवायची. या वेळेला तिथे ‘टर्मिन’ म्हणतात, आणि मराठी मुलांच्या संभाषणातही ‘टर्मिन मिळाली का?’ हा शब्द जसाच्या तसा आला आहे. मोठ्या शहरांत टर्मिनसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते. अर्ज विद्यार्थी परवाना संपण्याआधी केलेला असला की निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असे मानले जाते, आणि त्याचा दाखला म्हणून ‘फिक्त्सिऑन्सबेशाइनिगुंग’ नावाचा कागद मिळतो. कायद्याच्या दृष्टीने हा कागद पुरेसा असतो. मात्र मनुष्यबळ विभागातल्या नव्या माणसाला तो समजावून सांगण्यात मुलाखतीची दहा मिनिटे जाऊ शकतात. म्हणूनच अनुभवी विद्यार्थी प्रबंध सादर करण्याच्या सुमारासच टर्मिनच्या मागे लागतात. विम्याचेही तसेच. नाव विद्यापीठाच्या पटावरून उतरले की विद्यार्थ्यांचा सवलतीचा हप्ता जातो आणि स्वेच्छेने घ्यावयाच्या विम्याचा मोठा हप्ता सुरू होतो.

नोकरी मिळाली की परवाना पालटावा लागतो, आणि बहुतेकांचे लक्ष्य ‘ईयू ब्लू कार्ड’ (उच्चशिक्षित बिगर-युरोपीय नोकरदारांचा निवास परवाना) असते. त्यासाठी वार्षिक पगाराची किमान रेषा ठरलेली आहे. निवृत्तिवेतन विम्याची वर्गणी ज्या कमाल पगारापर्यंत आकारतात त्याच्या टक्केवारीत ती मोजत असल्याने दरवर्षी बदलते. २०२५ साठी ती ४८,३०० युरो होती. मात्र गेल्या तीन वर्षांत पदवी घेतलेल्यांना आणि तुटवडा असलेल्या व्यवसायांना ४३,७५९ युरो ८० सेंट पुरत. नवपदवीधरांची ही सवलत नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. तेव्हाच आणखी एक गाठ सुटली: कुशल कामगाराच्या साध्या परवान्यासाठी नोकरी आपल्या पदवीच्या विषयातलीच हवी हा आग्रह सैल झाला. जर्मन पदवीधराला कुशल नोकरीच्या परवान्यावर दोन वर्षे काढल्यावर, २४ महिन्यांची निवृत्तिवेतन वर्गणी आणि पुरेशी जर्मन भाषा या अटींवर, कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. ब्लू कार्ड असेल तर २७ महिने, आणि भाषेची बी-१ (युरोपीय मोजपट्टीवरची मध्यम) पातळी दाखवली तर २१.

ही उदारता जुनी नाही. विसावे शतक संपेपर्यंत परदेशी विद्यार्थ्याने शिकावे आणि मायदेशी परतावे, असेच जर्मनीचे सर्वसाधारण धोरण होते. फेब्रुवारी २००० मध्ये चॅन्सलर गेरहार्ड श्रोडर यांनी हानोव्हरच्या सेबिट प्रदर्शनात संगणक तज्ज्ञांसाठी ‘ग्रीन कार्ड’ जाहीर केले, तेव्हा भारतीय अभियंते तिथल्या निवडणुकीचा विषय झाले. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन राज्यातले विरोधी नेते युर्गेन ऱ्युटगर्स यांच्या प्रचारातून ‘किंडर श्टाट इंडर’, म्हणजे ‘भारतीयांऐवजी मुले’, ही घोषणा गाजली. जर्मनीत ती आजही लाजेने आठवली जाते. ऱ्युटगर्स ती निवडणूक हरले. पुढे १ जानेवारी २००५ पासून लागू झालेल्या स्थलांतर कायद्याने परदेशी पदवीधरांना नोकरी शोधण्यासाठी प्रथमच एक वर्ष दिले. ऑगस्ट २०१२ मध्ये, ब्लू कार्डाच्या युरोपीय निर्देशाची अंमलबजावणी करताना, त्याचे १८ महिने झाले. १ मार्च २०२० च्या कुशल कामगार स्थलांतर कायद्याने सगळी रचना नव्याने मांडली आणि हा परवाना कलम २० मध्ये आला.

हे औदार्य केवळ सौजन्यातून आलेले नाही. बहुतेक जर्मन राज्यांत सरकारी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांकडूनही शिक्षण शुल्क घेत नाहीत (बाडेन-व्युर्टेम्बर्ग २०१७ पासून बिगर-युरोपीय विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो लावते, तो एक अपवाद). करदात्याच्या पैशावर शिकवलेला अभियंता पदवी घेऊन निघून गेला तर खर्च वाया जातो. तोच राहिला तर कर भरतो आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या लोकसंख्येच्या निवृत्तिवेतनाला हातभार लावतो. राहणारेही थोडेथोडके नाहीत. ओईसीडी या विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या पाहणीनुसार २०१५ मध्ये शिक्षणासाठी परवाना मिळालेल्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण पाच वर्षांनंतरही जर्मनीत होते. हे प्रमाण गाठणारा दुसरा देश कॅनडा.

भारताशी असलेला संबंध आता कायद्यापुरता राहिलेला नाही. ५ डिसेंबर २०२२ रोजी नवी दिल्लीत भारताचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर आणि जर्मनीच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री आनालेना बेअरबॉक यांनी स्थलांतर व गतिशीलता भागीदारी करारावर सह्या केल्या, त्यात विद्यार्थ्यांच्या १८ महिन्यांचा उल्लेख आहे. त्याच सुमारास भारतीय विद्यार्थ्यांनी संख्येत चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकले आणि २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात त्यांची संख्या ४९ हजारांवर गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठीची वार्षिक व्हिसा संख्या २० हजारांवरून ९० हजार करण्याची घोषणा झाली. तिचा पदवीनंतरच्या परवान्याशी थेट संबंध नाही, तरी दोन्हींची सरमिसळ करून जाहिराती झाल्याच.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ही वाट पुण्यातून जाते. अकरावी-बारावीत जर्मन हा गुण मिळवून देणारा विषय म्हणून घेणारी मुले, माक्स म्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूटमधले वर्ग, चाकणमधले फोक्सवागन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने, यांमुळे यंत्र आणि वाहन अभियांत्रिकीचे पदवीधर आखेन, म्युनिक, केम्निट्झ, स्टुटगार्टकडे वळतात. स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. आता याच क्षेत्राला ओहोटी लागली आहे. डिसेंबर २०२४ च्या समझोत्यात फोक्सवागनने २०३० पर्यंत जर्मनीतील ३५ हजारांहून अधिक पदे कमी करायचे ठरवले, आणि सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांतही कपात चालू आहे. कायद्यातले १८ महिने तेवढेच राहिले, पण वाहन अभियंत्याला ते पूर्वीपेक्षा अपुरे पडू लागले.

मुदत पुरते की नाही, याचा निकाल बहुतेक वेळा भाषा लावते. इंग्रजी माध्यमातला मास्टर्स पूर्ण करताना जर्मन शिकायची वेळ येतच नाही. प्रयोगशाळेत, वसतिगृहात, भारतीय मित्रांत दोन वर्षे सहज निघतात. नोकऱ्या मात्र मोठ्या प्रमाणावर मिटेलश्टांड म्हणजे गावोगावच्या मध्यम कंपन्यांत असतात, आणि तिथे बी-२ पातळीची बोलती जर्मन नसेल तर अर्ज पहिल्याच चाळणीत गळतो. बारावीतले नव्वद गुण इथे फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण ते व्याकरणाचे असतात. ज्यांनी शिकतानाच ‘वेर्कश्टुडंट’ म्हणून कंपनीत अर्धवेळ काम केले किंवा प्रबंध कंपनीत बसून लिहिला, त्यांचे अठरा महिने पुष्कळदा सुरूच होत नाहीत. त्यांचा विद्यार्थी परवाना थेट ब्लू कार्डात पालटतो.

अशा सवलती इतर देशांतही आहेत. युरोपीय संघाच्या २०१६ च्या निर्देशाने सदस्य देशांना किमान नऊ महिने देणे भाग पाडले (आयर्लंड आणि डेन्मार्क त्याबाहेर). नेदरलँड्स एक वर्ष देतो, त्याला ‘झूकयार’ म्हणजे शोधवर्ष म्हणतात. ब्रिटनने २०१२ मध्ये आपली योजना बंद केली आणि जुलै २०२१ मध्ये ‘ग्रॅज्युएट रूट’ या नावाने दोन वर्षांची नवी उघडली. अमेरिकेतल्या ‘ओपीटी’मध्ये एक वर्ष, आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना आणखी २४ महिने मिळतात, पण पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत असते. जर्मनीत नोकरी मिळाल्यानंतर अशी सोडत नाही.

१८ महिन्यांत पुढच्या परवान्याला पुरेल अशी नोकरी न मिळाल्यास मुदतवाढ नाही. काही जण व्यावसायिक प्रशिक्षण धरतात, काही डॉक्टरेटकडे वळतात. बाकीच्यांना देश सोडावा लागतो. जर्मन पदवी असलेला माणूस कुशल कामगार गणला जात असल्याने तो मायदेशातून चान्सनकार्डासाठी गुणांच्या परीक्षेविना अर्ज करू शकतो. त्यासाठी निर्वाहाच्या पैशांची सोय मात्र पुन्हा दाखवावी लागते.