वादळाचा वेग वाढला, पण कोणता?

चक्रीवादळ किनाऱ्याकडे निघालं की ‘वादळाचा वेग वाढला’ अशी बातमी येते, आणि दर वेळी मला पहिला प्रश्न पडतो: कोणता वेग? कारण वादळाला वेग दोन असतात. एक, केंद्राभोवती गरगर फिरणाऱ्या वाऱ्यांचा. दुसरा, ते अख्खं वादळ समुद्रावरून पुढे सरकतं त्याचा. पहिला ताशी 100, 150, क्वचित 250 किलोमीटरच्याही वर जातो. दुसरा बहुतेक वेळा 10 ते 25 किलोमीटरच्या घरात असतो. दोन्हींसाठी शब्द एकच, एककही तेच, त्यामुळे वाचणाऱ्याची गल्लत होणारच. वादळ किनाऱ्याजवळ येता येता जोर धरत असेल, तेव्हा ही गल्लत जिवावर बेतू शकते.

पुराच्या पाण्यातला भोवरा आठवा. तो जागच्या जागी गरगरतो आणि त्याच वेळी पाण्याबरोबर वाहतही जातो. गरगरणं त्याचं, वाहणं प्रवाहाचं. चक्रीवादळाचंही तसंच आहे. ते कुठे जाणार आणि किती झपाट्याने, हे मुख्यतः भोवतालच्या हवेचे मोठे प्रवाह ठरवतात. फिरण्याची ताकद मात्र समुद्रातून येते. साधारण 26.5 अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या पाण्याची वाफ वर चढते, तिचे ढग होताना उष्णता बाहेर पडते, केंद्रातला दाब आणखी उतरतो आणि वारे आणखी जोराने आत ओढले जातात. खालच्या आणि वरच्या थरांतले वारे एकमेकांपासून फार वेगळे वाहत असतील तर वादळाची ही उभी रचना कलते, विस्कटते. तसं नसेल आणि पाणी खोलवर तापलेलं असेल, तर वादळ बघता बघता फोफावतं.

म्हणजे एक वेग वाढला की दुसराही वाढलाच पाहिजे, असं काही नाही.

हवामान खातं ‘तीव्रता वाढली’ म्हणतं तेव्हा ते पहिल्या वेगाबद्दल बोलत असतं. चक्रीवादळ, तीव्र चक्रीवादळ, अतितीव्र चक्रीवादळ ही नावंही त्याच्यावरूनच पडतात. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत वारे ताशी 62 किलोमीटरला पोचले की कमी दाबाच्या पट्ट्याचं ‘चक्रीवादळ’ होतं आणि 222 किलोमीटरला ‘महाचक्रीवादळ’. (हा आकडा सरासरीचा असतो, झोत त्याहून जोराचे असतात. भारतात तीन मिनिटांची सरासरी धरतात, अमेरिकेत एका मिनिटाची. म्हणून एकाच वादळाचे दोन आकडे दिसले तरी कुणी खोटं बोलतंय असं समजू नये.) आणि इथे थोडी वाढही थोडी नसते. वाऱ्याचा मारा वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात वाढतो. वारा 80 वरून 120 झाला, म्हणजे दीडपट झाला, तर भिंतीवर पडणारा दाब सव्वादोन पट होतो.

24 तासांत वारे ताशी सुमारे 55 किलोमीटरने वाढले तर त्याला झपाट्याने तीव्र होणं म्हणतात. ऑक्टोबर 2023 मध्ये मेक्सिकोच्या अकापुल्को शहरावर आदळलेलं ओटिस याच्या कितीतरी पुढे गेलं. आदल्या दिवशी सकाळी ते साधं उष्णकटिबंधीय वादळ होतं. मध्यरात्रीनंतर किनाऱ्यावर चढलं ते अमेरिकी वर्गवारीतल्या पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीचं होऊन. या सगळ्या वेळात ते पुढे सरकत होतं साधारण सायकलच्या वेगाने. फक्त सरकण्याचा आकडा बघणाऱ्याला वाटलं असतं, विशेष काही बदललेलं नाही.

याच्या उलट उदाहरण 2017 च्या हार्वेचं. टेक्सासच्या किनाऱ्यावर ते चौथ्या श्रेणीचं होऊन आलं, जमिनीवर चढल्यावर वारे मंदावले आणि वर्गवारीत ते झपाट्याने खाली आलं. पण त्याला पुढे ढकलणारे प्रवाहच क्षीण होते. ते त्याच भागात दिवसेंदिवस घुटमळत राहिलं आणि काही ठिकाणी 1500 मिलिमीटरहून जास्त पाऊस ओतून गेलं. वारा उतरला म्हणून संकट उतरलं, असं म्हणायची सोय नव्हती. पावसाच्या बाबतीत संथ वादळाइतकं वाईट काही नाही, हे माझं ठाम मत आहे.

समुद्रावर मात्र संथपणा वादळाच्याच मुळावर येऊ शकतो. एकाच जागी रेंगाळलं की ते पाणी घुसळून खालचं थंड पाणी वर आणतं आणि स्वतःचं इंधन तोडतं. कोमट पाण्याचा थर खोल असेल तर तेवढीही आशा नाही.

सरकण्याचा वेग किनाऱ्यावरच्या माणसाला सगळ्यात जवळून कळतो तो वादळाचा डोळा डोक्यावरून जाताना. घोंघावणारा वारा अचानक पडतो, पाऊस थांबतो, कधी वर आकाशही दिसतं. डोळा 30 किलोमीटर रुंद असेल, बरोबर मधून जात असेल आणि वादळ ताशी 15 ने सरकत असेल, तर ही शांतता दोन तास टिकते. 30 ने सरकत असेल तर एकच तास. मग वारा उलट दिशेने आणि तेवढ्याच त्वेषाने तुटून पडतो. वादळ गेलं समजून बाहेर पडलेली माणसं नेमकी इथे सापडतात.

दोन आकड्यांची बेरीज करणारेही भेटतात. उत्तर गोलार्धात वादळाच्या वाटचालीच्या उजव्या बाजूला फिरणं आणि सरकणं एकाच दिशेला होतं, म्हणून तिथे वारा जास्त असतो, हे खरं. पण जाहीर होणाऱ्या कमाल वेगात ही भर आधीच धरलेली असते. ती पुन्हा मिळवायची नसते.

भागाकार मात्र जरूर करावा, जपून. समजा केंद्र 300 किलोमीटरवर आहे आणि वादळ ताशी 15 ने येतंय. 300 भागिले 15, म्हणजे 20 तास. पण हे 20 तास केंद्राचे झाले. सोसाट्याचा वारा केंद्राच्या पुढे 150 किलोमीटरपर्यंत पसरलेला असेल, तर तो दहा तासांतच दारात येईल. आणि सरकण्याचा वेग 15 वरून 25 झाला, तर सहाच तासांत.