इंग्रजी संभाषणाच्या सरावातील भावना-ओळख तंत्रज्ञान

बोलणाऱ्याचा आवाज, चेहरा आणि शब्द यांवरून त्याच्या मनःस्थितीचा अंदाज बांधणारी संगणकीय पद्धत. इंग्रजी बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या प्रणालीत विद्यार्थी कुठे बावरतो, कुठे चाचरतो हे हेरून पुढचा प्रश्न त्याला झेपेल असा ठेवण्यासाठी ती वापरतात.

परभाषा बोलताना वाटणारी भीती मोजण्यासाठी ईलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली. संगणकाने भावनेची दखल घ्यावी हा विचार अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या रोझलिंड पिकार्ड यांनी १९९७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. पिट्सबर्ग विद्यापीठात डायन लिटमन यांच्या गटाने भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बोलत्या प्रणालीला विद्यार्थ्याच्या स्वरातली अनिश्चितता ओळखायला शिकवले. विषय वेगळा असला तरी भाषेच्या सरावाला हीच दिशा सर्वांत उपयोगी आहे. राग, आनंद, दुःख अशी नावे चिकटवण्याची इथे गरजच नसते. विद्यार्थी खात्रीने बोलतो आहे की अडखळत, एवढे कळले तरी पुरे.

आवाज सहसा १६ किलोहर्ट्झवर (सेकंदाला १६,००० नमुने घेऊन), एकाच चॅनलमध्ये टिपतात. त्याचे सुमारे २५ मिलिसेकंदांचे, दर १० मिलिसेकंदांनी पुढे सरकणारे तुकडे पाडून स्वराची उंची, तीव्रता, कंप आणि बोलण्याचा वेग मोजतात. आवाजाची मापे काढणाऱ्या ‘ओपनस्माइल’ या साधनातील एका प्रचलित संचात अशी ८८ मापे आहेत. २५० मिलिसेकंदांहून लांब शांतता बहुधा विराम धरली जाते. विराम कुठे पडला हे त्याच्या लांबीइतकेच महत्त्वाचे असते: वाक्य संपल्यावरचा विराम स्वाभाविक, पण क्रियापदाआधी वारंवार पडणारा विराम शब्द किंवा काळ सापडत नसल्याची खूण.

सर्वांत दुर्लक्षित टप्पा म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतःची पायरेषा, म्हणजे त्याच्या नेहमीच्या बोलण्याची मापे. सत्राच्या आरंभी त्याला मिनिटभर मातृभाषेत बोलू द्यावे, मग ओळखीचा इंग्रजी उतारा वाचायला सांगावा आणि पुढची मापे या पायरेषेशी ताडावीत. हे न केल्यास मुळात सावकाश बोलणारा मुलगा कायम घाबरलेला ठरतो. एका उत्तरावरून निष्कर्ष काढू नये. सलग दोन-तीन उत्तरांत तीच खूण दिसली तरच प्रणालीने प्रश्न सोपा करावा, उत्तराचे पहिले दोन शब्द सुचवावेत किंवा विचार करायला जास्त वेळ द्यावा. वाक्य चालू असताना मधे टोकणे आणि पडद्यावर ‘तुम्ही घाबरला आहात’ असे दाखवणे, दोन्ही घातक; त्याने भीती वाढतेच.

चुका ठरावीक ठिकाणी होतात. आवाजातून उत्तेजन किती आहे हे बरे कळते, पण ते सुखद की त्रासदायक हे कळणे कठीण. म्हणून उत्साह आणि चीड यांची गल्लत होते. शब्द आठवताना कपाळावर पडणाऱ्या आठ्या राग समजल्या जातात. बोलताना ओठ हलतातच, त्यामुळे हसू मोजणारा कॅमेराही फसतो. चेहऱ्यावरून भावना खात्रीने वाचता येत नाही, असे मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ च्या विस्तृत आढाव्यात दाखवले आहे. सरावासाठी कॅमेरा वगळणेच शहाणपणाचे. फोनमधील आपोआप आवाज समतोल करणारी सोय तीव्रतेचे चढउतार सपाट करते, तर पंख्याची घरघर आणि शेजारच्या बाकावरचे बोलणे मापांत मिसळते. तोंडाजवळचा हेडसेट मायक्रोफोन यावर सोपा उपाय आहे.

प्रशिक्षणासाठी वापरलेला आवाज कुणाचा, हाही प्रश्न आहे. ‘रॅव्हडेस’ या ध्वनिमुद्रणांच्या प्रसिद्ध संचात उत्तर अमेरिकी उच्चाराच्या २४ नटांनी भावना वठवल्या आहेत. मराठी भाषकाच्या इंग्रजीची लय आणि आघात निराळे असतात, शिवाय वठवलेली भीती आणि वर्गातला खरा संकोच यांतही फरक असतो. स्थानिक विद्यार्थ्यांच्या ध्वनिमुद्रणावर तपासल्याशिवाय अशा आवाजांवर शिकवलेल्या प्रतिमानावर (मॉडेलवर) विसंबू नये.

युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने शिक्षणसंस्थांत जैवमितीय (चेहरा, आवाज यांसारख्या शारीरिक) माहितीवरून भावना ताडण्यास २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांपुरता अपवाद आहे. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागतो आणि, काही अपवाद सोडता, मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई करतो. मापे विद्यार्थ्याच्याच उपकरणावर काढावीत, मूळ ध्वनिमुद्रण सत्र संपताच पुसावे आणि भावनेचा कोणताही आकडा गुणांत धरू नये.