वजनाची शस्त्रक्रिया झालेल्यांना अन्ननलिकेचा कर्करोग: पेच कुठून आला?

अन्ननलिकेच्या कर्करोगात गाठ काढणं हे शस्त्रक्रियेतलं अर्धंच काम. काढल्यावर घास पोटात जाणार कशातून, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. आज तो बहुधा जठराची नळी करून सुटतो; पण वजन उतरवण्यासाठी ज्यांचं जठर आधीच कापलेलं असतं, त्यांच्या बाबतीत तो पुन्हा उभा राहतो. पेच तो हाच. १९१३ मध्ये न्यूयॉर्कला फ्रान्झ टोरेक यांनी एका बाईंची छाती उघडून कर्करोग झालेली अन्ननलिका काढली. जोडायला काही नव्हतं, म्हणून मानेवर एक छिद्र, पोटावर दुसरं आणि दोन्हींच्या मध्ये शरीराबाहेरून रबरी नळी. त्या नळीतून जेवत त्या पुढे बारा-तेरा वर्षं जगल्या!

पुढच्या काही दशकांत यावर उत्तर निघालं ते जठराचं. १९४६ मध्ये आयव्हर लुईस यांनी पोट आणि उजवी छाती अशा दोन्ही बाजूंनी करायची पद्धत मांडली. ती आजही त्यांच्याच नावानं चालते. जठराची आतली, आखूड कड कापून टाकायची, बाहेरच्या मोठ्या वक्र कडेची लांब नळी करायची आणि ती छातीत ओढून घ्यायची. बाकीच्या रक्तवाहिन्या तोडाव्या लागतात, त्यामुळे ही नळी मुख्यतः मोठ्या कडेलगतच्या उजव्या धमनीवर जगते. तिचं वरचं टोक तसंही रक्ताला महाग असतं, आणि उरलेल्या अन्ननलिकेशी सांधा तिथेच घालायचा असतो. तो सुटला तर रुग्णाच्या जिवावर बेततं.

लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेची वाट पूर्णपणे वेगळी. १९६६ मध्ये एडवर्ड मेसन यांनी अमेरिकेत गॅस्ट्रिक बायपास मांडला: वर जठराचा छोटा कप्पा ठेवायचा, तो लहान आतड्याला जोडायचा, उरलेलं जठर आत तसंच पडून राहतं. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून अरुंद नळीएवढंच जठर ठेवणं, ही आधी एका मोठ्या शस्त्रक्रियेचा केवळ पहिला टप्पा होती. तेवढ्यानंच वजन उतरतंय असं दिसल्यावर २००० नंतर ती स्वतंत्रपणे होऊ लागली, आणि झपाट्यानं पसरली. यात कापून फेकली जाते ती नेमकी मोठी कड, जिच्यापासून अन्ननलिकेसाठी नळी करायची तीच. धमनी मेदाच्या पडद्यात उरते, पण जठराकडे जाणाऱ्या तिच्या फांद्या तुटलेल्या असतात.

त्या मानानं बायपासवाल्यांचं नशीब बरं. आत पडून राहिलेल्या जठराची नळी अनेकदा करता येते. मात्र नेहमीची एंडोस्कोपी तिथवर पोचत नाही, त्यामुळे ते निरोगी आहे ना, हे आधी पाहावं लागतं. स्लीव्हनंतर बहुधा मोठ्या किंवा लहान आतड्याचा तुकडा वर न्यावा लागतो. सांधे वाढतात, वेळ वाढतो, धोकाही वाढतो.

दोन्ही वाटा एकाच रुग्णात येऊन मिळतात, हा निव्वळ योगायोग नाही. लठ्ठपणा आणि आम्लपित्त वर येण्याचा जुना त्रास ही अन्ननलिकेच्या ॲडेनोकार्सिनोमाची (ग्रंथींच्या पेशींतून होणाऱ्या कर्करोगाची) ठळक कारणं आहेत, आणि स्लीव्हनंतर हा त्रास काहींना नव्यानं सुरू होतो किंवा वाढतो. त्यातून घास अडकणं, उलटी, वजन घटणं ही कर्करोगाची लक्षणं अशा माणसात ‘ऑपरेशनमुळेच असेल’ म्हणून सहज खपून जातात. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं.

म्हणून अशा रुग्णाच्या बाबतीत सर्जन स्कॅनच्या बरोबरीनं जुन्या शस्त्रक्रियेची टिपणी मागतात: कोणती धमनी ठेवली, कोणती बांधली, आतड्याचा कोणता भाग कुठे जोडला. ती हाती नसेल तर हे सगळं सीटी अँजिओग्राफीवरून (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनवरून) आणि शेवटी पोट उघडूनच शोधावं लागतं.