अझ्टेकातले बॉक्स आणि ९९ वर्षांचा कागद

११ जून २०२६ रोजी मेक्सिको विरुद्ध दक्षिण आफ्रिका हा फुटबॉल विश्वचषकाचा सलामीचा सामना मेक्सिको सिटीच्या दक्षिण टोकाला, अझ्टेका मैदानावर ठेवला आहे. वेळापत्रकात मात्र 'मेक्सिको सिटी स्टेडियम' असं लिहिलेलं दिसेल, कारण स्पर्धेपुरती प्रायोजकाची नावं झाकायची हा फिफा या जागतिक संघटनेचा दंडक. हा प्रायोजक म्हणजे एक मेक्सिकन बँक. नूतनीकरणाला कर्ज देऊन २०२५ मध्ये तिने दर्शनी भागावर स्वतःचं नाव चढवलं. शहरातले लोक अझ्टेकाच म्हणतात आणि जवळच्या स्थानकाचं नावही तेच आहे. नव्वदच्या दशकात एका दिवंगत पदाधिकाऱ्याचं नाव देऊन झालं होतं, तेही टिकलं नाही.

नावाचं एक वेळ चालून जाईल. खरं भांडण आहे ते आतल्या जागांवरून, आणि त्याचं मूळ बांधकामाच्या आधीपासूनचं आहे.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला एका दूरचित्रवाणी सम्राटाने हे मैदान बांधायला घेतलं. सांता उर्सुलाची ती जमीन म्हणजे शित्ले ज्वालामुखीचा थिजलेला लाव्हा. सुरुंग लावून काळा खडक फोडल्याशिवाय पाया घेणं शक्य नव्हतं. खर्च मोठा, म्हणून मैदान उभं राहण्याआधीच त्यातले बॉक्स, म्हणजे प्रेक्षकांचे खासगी कक्ष, विकायला काढले. २० जणांच्या एका बॉक्सला सुमारे १ लाख १५ हजार पेसो मोजावे लागत. तेव्हा डॉलरचा भाव साडेबारा पेसोवर बांधलेला होता, म्हणजे नऊ हजार डॉलरच्या आसपास. बदल्यात कागद मिळाला तो ९९ वर्षांचा: मैदानात जे जे होईल ते आपल्या बॉक्समधून पाहायचं, वेगळं तिकीट नाही. अशी शेकडो कुटुंबं पुढे आली. २९ मे १९६६ रोजी मैदान खुलं झालं.

मुंबईत पागडीच्या खोलीत वाढलेल्याला यातली गोम वेगळी सांगायला नको. धारक पूर्ण मालक नाही आणि नुसता भाडेकरूही नाही. बॉक्स बापाकडून मुलाकडे येतो, पुढे नातवाकडे जातो, आणि कोणी उठवायला आलंच तर कपाटातून कागद निघतो. त्या कागदाची मुदत संपायला अजून चार दशकं आहेत.

१९७० आणि १९८६ मध्ये धारक मंडळी आपापल्या बॉक्समध्ये बसून सामने पाहून आली. तेव्हा खास पाहुण्यांसाठीच्या महागड्या जागा विकणं हा आजच्यासारखा मोठा धंदा झालेला नव्हता. आता जागतिक संघटनेला मैदान अख्खं मोकळं हातात लागतं. तिकिटं तिची, जाहिराती तिच्या आणि बॉक्सही तिनेच विकायचे. यजमानपदाचा निर्णय २०१८ चा आणि धारकांचे कागद त्याहून पन्नास वर्षं जुने, त्यामुळे ठिणगी पडणारच होती. धारकांची भूमिका साधी आहे: आमच्याकडे हक्कपत्र आहे, परवानगी मागायचा प्रश्नच येत नाही. उरलेल्या तक्रारी पार्किंगच्या आणि बॉक्समध्ये घरचं खाणंपिणं नेण्याच्या. धारक काही गरीब बिचारे नव्हेत, हे खरं. तरी बाजू त्यांचीच भक्कम वाटते. ज्यांच्या पैशावर मैदान उभं राहिलं, त्यांची जागा तिसऱ्याने करारात लिहून घेतली म्हणून त्याची होत नाही. यजमानपद मागतानाच हा गुंता सोडवायला हवा होता.

१९८६ ची स्पर्धा मुळात मेक्सिकोची नव्हतीच. कोलंबियाने १९८२ मध्ये अंग काढून घेतलं आणि पुढच्या वर्षी ती मेक्सिकोकडे आली. देश तेव्हा कर्जाच्या संकटात होता. त्यात सप्टेंबर १९८५ च्या भूकंपाने राजधानीत हजारो माणसं गेली. मैदान शाबूत राहिलं, लोकांचा राग मात्र उद्घाटनाला राष्ट्राध्यक्षांची हुर्यो उडवूनच बाहेर पडला. बरेच सामने भर दुपारी बाराला खेळवले ते युरोपातल्या संध्याकाळच्या प्रेक्षकासाठी. २,२०० मीटरहून अधिक उंचीवर, त्या उन्हात खेळाडूंचा दम निघाला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजत. दूरदर्शनसमोर बसून मॅराडोनाचा हाताचा तो गोल ज्यांनी पाहिला, त्यांच्यासाठी अझ्टेका म्हणजे मैदानावर पडलेली ती कोळ्यासारखी सावली.

१९७० मध्ये स्पर्धेचे सगळे ३२ सामने मेक्सिकोत झाले, १९८६ मध्ये सगळे ५२. यंदाच्या १०४ पैकी मेक्सिकोच्या वाट्याला १३ आणि त्यातले अझ्टेकाला पाच. अंतिम सामना अर्थातच अमेरिकेत. पाच सामन्यांसाठी मैदान २०२४ पासून जवळजवळ दोन वर्षं बंद ठेवलं, कर्ज काढलं. शेजारच्या वस्तीचं म्हणणं तर वेगळंच आहे: आमच्या नळाला पाणी नाही आणि मैदानाच्या आवारात विहीर खोदली जाते. आयोजकांच्या माहितीपत्रकात ही तक्रार शोधू नये.

प्रत्यक्ष जाणाऱ्याने मेट्रोच्या निळ्या दोन नंबर मार्गाने शेवटच्या तास्केन्याला उतरावं आणि तिथून सोचिमिल्कोकडे जाणारी हलकी रेल्वे धरावी. बाहेर लाल सूर्याचं अवाढव्य पोलादी शिल्प दिसेल, ते १९६८ च्या ऑलिम्पिकचं. मैदानाच्या आवारात १९७० च्या इटली-पश्चिम जर्मनी उपांत्य सामन्याची पाटी आहे. जादा वेळेत ४-३ ने संपलेल्या त्या लढतीला तिथे 'शतकातला सामना' म्हणतात. घरी बसून पाहणाऱ्यांसाठी सलामीचा सामना भारतीय वेळेनुसार ११ जूनच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे १२ जून लागताच रात्री साडेबाराला आहे.