पिवळ्या गुळात विष किती?

दिवाळीच्या आसपास करवीर-पन्हाळ्याकडची गुऱ्हाळं पेटली की एक मेसेज फिरायला लागतोच: पिवळा गूळ म्हणजे विष, काळाच घ्या. काळा घ्यायला माझी काही हरकत नाही, मला चवीला तोच आवडतो. पण नुसतं ‘विष’ म्हणून भागत नाही. कशामुळे, किती, कुणाच्या अंगात, कुठल्या वाटेनं आणि किती दिवस, एवढं विचारल्याशिवाय विषशास्त्रात पान हलत नाही.

रस काहिलीत उकळताना गुळव्या त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतो. मळी वर येते, ती काढून टाकतात. गूळ स्वच्छ होतो, पण पिवळाधमक होत नाही, आणि सौद्यात उठाव पिवळ्याला. म्हणून काही जण हायड्रॉस पावडर टाकतात. हे सोडियम हायड्रोसल्फाइट. कापड रंगवायच्या कारखान्यातही हेच वापरतात. ते गडद रंगद्रव्यांचं क्षपण करतं, रंग उडतो, आणि सल्फर डायऑक्साइड व त्याची संयुगं म्हणजे सल्फाइटं गुळात मागे राहतात. गंमत म्हणजे हा पिवळेपणा टिकतही नाही, हवा लागेल तसा गूळ पुन्हा काळवंडतो.

आता ‘किती’. सगळंच विष असतं, फरक मात्रेचा, असं पॅरासेल्सस हा स्विस वैद्य सोळाव्या शतकातच सांगून गेला. मात्रा मोजायची रीत पुढे आली. १९२७ साली ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं एलडी-५० हे माप मांडलं: प्रयोगातले निम्मे प्राणी मरतील एवढी मात्रा. उंदरांना तोंडावाटे दिलं तर मिठाची ही मात्रा शरीराच्या दर किलोमागे साधारण ३ ग्रॅम, कॅफिनची जेमतेम ०.२ ग्रॅम. पण हे माप फक्त मरणाचं. रोज थोडं थोडं खाऊन वीस वर्षांनी काय होईल, ते त्यातून कळत नाही.

त्यासाठी उलट्या बाजूनं जातात. प्राण्यांना दीर्घकाळ रोज देऊनही काही अपाय दिसला नाही, अशी सर्वांत मोठी मात्रा शोधायची. सल्फर डायऑक्साइडच्या बाबतीत ती किलोमागे रोज ७० मिलिग्रॅम धरली गेली. तिला १०० नं भागायचं: माणूस उंदरापेक्षा नाजूक असेल म्हणून १०, आणि माणसामाणसांत फरक असतो म्हणून आणखी १०. उरलं ०.७. अन्नातल्या रसायनांचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीनं हीच रोजची मर्यादा ठरवली.

समजा किलोभर गुळात ७० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड आहे. ५० ग्रॅमच्या खड्यात ३.५ मिलिग्रॅम आलं. ६० किलोच्या माणसाची रोजची मर्यादा ४२, म्हणजे त्याचा बारावा हिस्सा भरला. तोच खडा १५ किलोच्या नातवानं खाल्ला तर त्याची मर्यादा १०.५, तिचा तिसरा हिस्सा संपला. पावडर टाकणाऱ्याचा हात सैल असेल आणि प्रमाण तिप्पट झालं, तर नातवाची मर्यादा त्या एका खड्यातच भरली. शिवाय पिवळ्या मनुका, जर्दाळू यांतही सल्फाइट असतं, तेही याच हिशेबात धरायचं. एखाद्या दिवशी मर्यादा ओलांडली म्हणून कुणी आडवा पडत नाही. हा आकडा आयुष्यभर रोज खाण्याचा आहे.

सल्फाइट शरीरात साचतही नाही. एक विकर (एन्झाइम) त्याचं सल्फेट करतं, ते लघवीतून जातं. शिसं मात्र रक्तातून निम्मं व्हायला महिनाभर घेतं आणि हाडात गेलं की दशकं मुक्काम ठोकतं. म्हणून दोघांना एकाच तराजूत घालता येत नाही. सल्फाइटाचा खरा त्रास वेगळाच: दम्याच्या काही रुग्णांना थोड्याशानंही लगेच धाप लागते. त्यांना वरचं गणित लागू नाही.

बातम्यांत घोळ होतो तो अपायाची क्षमता आणि जोखीम यांत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ साली सॉसेज-सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्याच, म्हणजे ‘कर्करोग नक्की होतो’ अशा गटात घातलं. (आपलं मटण त्याखालच्या, ‘बहुधा’वाल्या गटात, तांबडा-पांढरा ओरपताना एवढं माहीत असावं.) पण हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, जोखीम किती ते नाही. अपाय करण्याची क्षमता हा पदार्थाचा गुण. जोखीम ठरते संपर्कावर. शिरोलीच्या फाउंड्रीतली वाळू मुठीत धरली तर काही होत नाही. तिचीच डोळ्यांना न दिसणारी धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो.

गुऱ्हाळातही तसंच. आपण गूळ खातो, पण पावडर पडताना उठणारा वायू काहिलीवर वाकलेल्या माणसाच्या छातीत जातो. त्याची जोखीम काढायला गुळाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून उपयोग नाही. काहिलीच्या काठाशी, त्याच्या नाकाच्या उंचीवर हवा मोजायला हवी.