जहाजांचे पोपडे आणि समुद्राचा गाळ

रंग सुकतो म्हणजे नेमके काय होते हे पाहिले, तर जहाजाचा रंग प्लास्टिकच्या हिशेबात का धरायचा, हे लगेच उमगते. पातळ रंगातील द्रावक उडून जातो किंवा त्यातील दोन घटकांची परस्परांशी रासायनिक अभिक्रिया होते, आणि मागे उरतो तो इपॉक्सी, अ‍ॅक्रिलिक, अल्कीड किंवा पॉलियुरेथेन यांसारख्या कृत्रिम राळेचा सलग थर, ज्यात रंगद्रव्यांची पूड अडकून बसलेली असते. ही राळ म्हणजे बहुवारिक, अर्थात प्लास्टिकच. तिचा पोपडा निघाला आणि तो पाच मिलिमीटरपेक्षा लहान असला, की मायक्रोप्लास्टिकच्या रूढ व्याख्येत तो चपखल बसतो.

जहाजावरून असे पोपडे निघण्याची कारणे अनेक आहेत. खारे पाणी थरातील बारीकशा ओरखड्यातून आत शिरते, खालचे पोलाद गंजते, गंज फुगतो आणि रंग उचलला जातो. पाण्यावरचा भाग उन्हातील अतिनील किरणांनी ठिसूळ होतो. नांगराची साखळी, दोरखंड, धक्क्याचे घर्षण आणि थंड समुद्रातील बर्फ हे सारे आपापला वाटा उचलतात. पाण्याखालच्या भागाची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण तेथील रंग झिजावा अशीच त्याची रचना असते.

जहाजाच्या तळाला आधी जिवाणू आणि शेवाळाचा बुळबुळीत लेप चढतो, मग बार्नॅकल (कठीण कवचाचे, पृष्ठभागाला चिकटून राहणारे जीव) आणि शिंपल्यासारखे जीव घट्ट चिकटतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासानुसार, अर्धा मिलिमीटर जाडीचा लेप निम्म्या तळावर पसरला तरी जहाजाचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन सुमारे पाव पटीने वाढू शकते. म्हणून तळाला जीवरोधक रंग लावतात. त्यात बहुधा तांब्याचा ऑक्साइड असतो, आणि आधुनिक प्रकारांत राळच पाण्याशी अभिक्रिया होऊन हळूहळू विरघळत जाते, जेणेकरून विषारी द्रव्याचा ताजा पृष्ठभाग सतत उघडा पडावा. अशा रंगाची झीज हा दोष नसून तेच त्याचे काम आहे, आणि माझ्या मते या प्रश्नाची खरी गाठ इथेच आहे.

या रंगांतील विषाचा इतिहास बोधप्रद आहे. ट्रायब्युटिलटिन हे कथिलयुक्त संयुग एके काळी जगभर वापरले जात असे. फ्रान्सच्या आर्काशॉन उपसागरातील कालवांची शेती त्याने संकटात आली, आणि समुद्री गोगलगायींच्या माद्यांमध्ये नराची इंद्रिये वाढू लागल्याचे आढळले. फ्रान्सने 1982 मध्ये लहान बोटींवर त्याच्या वापरास बंदी घातली. आंतरराष्ट्रीय करार 2001 मध्ये संमत झाला आणि 2008 मध्ये अमलात आला. सायब्युट्रीन या दुसऱ्या द्रव्यावरचे निर्बंध 2023 मध्ये लागू झाले. मात्र हे नियम विषासाठी होते. ते वाहून नेणाऱ्या राळेकडे त्यांचा रोख नव्हता. बंदीपूर्वीच्या रंगाचे पोपडे बंदरांच्या आणि जुन्या गोद्यांच्या गाळात आजही सापडतात, आणि गाळ गिळणाऱ्या किड्यांच्या पोटात धातूंसह जातात.

मग इतकी वर्षे रंग मोजणीतून का सुटला? एक कारण पद्धतीचे आहे. पॉलिथिन पाण्यावर तरंगते, पण धातूंची रंगद्रव्ये भरलेला पोपडा जड असल्याने बहुधा बुडतो. त्यामुळे पृष्ठभागावर जाळी फिरवणाऱ्यांना तो कमी मिळतो. गाळाचा नमुना मिठाच्या द्रावणात घालून प्लास्टिक वर तरंगवण्याची जी नेहमीची रीत आहे, तिच्यातही तो तळाशीच राहतो. शिवाय अवरक्त किरणांनी कणाची ओळख पटवताना रंगद्रव्ये राळेची खूण झाकोळून टाकतात.

जिथे मुद्दाम शोध घेतला गेला, तिथे रंग सापडला. दक्षिण कोरियाच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या अगदी वरच्या पातळ थराचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तेथील कणांत जहाजांच्या रंगात वापरल्या जाणाऱ्या अल्कीड राळेचेच प्राबल्य दिसले. जर्मनीच्या ओल्डनबर्ग विद्यापीठातील संशोधकांना उत्तर समुद्राच्या जर्मन उपसागरात जहाजांच्या मार्गांशी जुळणारे बहुवारिकांचे ठसे आढळले. उत्तर अटलांटिकमध्ये, प्लँक्टन (पाण्याबरोबर वाहणारे सूक्ष्म जीव) गोळा करणाऱ्या यंत्राच्या नमुन्यांत, तंतूंच्या खालोखाल रंगाचे पोपडेच होते. संशोधकांची पंचाईत अशी, की मोजायला गेलेले जहाजही रंगवलेलेच असते. अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रातील नमुने तपासणाऱ्या चमूला ‘पोलारस्टर्न’ या स्वतःच्याच जहाजाच्या रंगाशी जुळणारे कण वेगळे काढावे लागले.

एकूण किती, यावर अंदाजांत मोठी तफावत आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या 2017 च्या अहवालाने समुद्रात जाणाऱ्या प्राथमिक, म्हणजे बारीक कणांच्या रूपातच बाहेर पडणाऱ्या, मायक्रोप्लास्टिकमध्ये जहाजांच्या लेपांचा वाटा 3.7 टक्के धरला होता. एका स्विस संशोधन संस्थेने 2022 मध्ये इमारती, पूल, वाहने आणि जहाजे अशा सगळ्याच रंगांचा विचार करून, दरवर्षी सुमारे 19 लाख टन रंग समुद्रात व जलप्रवाहांत जातो, असा अंदाज मांडला. दोन्ही आकडे प्रत्यक्ष मोजणीचे नसून रंगाचा खप आणि झिजेचे प्रमाण यांवरून काढलेले आहेत, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

रंगच लावू नये, हा उपाय नव्हे. तसे केल्यास इंधन जास्त जळेल आणि तळाला चिकटलेले जीव परक्या किनाऱ्यांवर पोहोचतील. सिलिकॉनचे गुळगुळीत लेप जीवांना धरूच देत नाहीत आणि त्यांना विषारी द्रव्याची गरज नसते, पण ते महाग आहेत आणि ओरखड्यांना नाजूक. पोपडे अडवायला सर्वांत सोपी जागा म्हणजे जहाज पाण्याबाहेर घेऊन दुरुस्त करण्याची सुकी गोदी, कारण तेथे जुना रंग खरवडताना तो जमिनीवरच पडतो. आडोसा बांधून, पडलेली पूड उचलून आणि धुतलेले पाणी गाळून त्यातला बराच भाग अडवता येतो. पाण्यात बुडी मारून तळ घासताना निघणारा रंग शोषून घेणारी यंत्रेही आता वापरात आहेत. कठीण जागा म्हणजे लहान बोटी, ज्यांचे मालक किनाऱ्यावरच्या उतारावर त्या ओढून स्वतःच तळ घासतात आणि ती धूळ भरतीच्या पाण्याबरोबर वाहून जाते.